विरोधकाच्या भाषेत

ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत संप झाला, तेव्हा संपकऱ्यांनी गोदीचे फाटक फुलांनी भरून टाकले आणि त्या फुलांत पोप जॉन पॉल दुसरे आणि मेरीमाता यांच्या तसबिरी लावल्या. कम्युनिस्ट राजवटीत माणसांना उघडपणे जमता येईल अशी जवळपास एकच जागा उरली होती, ती चर्चची. डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा आला, पुढे संपातून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेवर बंदी आली, तेव्हाही अटकेत असलेल्यांच्या घरी पोचणारी मदत पाद्र्यांच्याच आडोशाने पोचत होती. संपानंतर अकरा वर्षांनी त्याच शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाने दोस्तांना गोळा करून बँड काढला आणि त्याला ‘बाफोमेट’ हे सैतानी मूर्तीचे नाव दिले. थोड्याच दिवसांत ते बदलून ‘बेहेमोथ’ झाले. ईयोबाच्या ग्रंथात वर्णिलेल्या अजस्र पशूचे हे नाव. म्हणजे बंडखोरीचे नावसुद्धा बायबलमधूनच उचललेले.

त्या फाटकापासून या बँडपर्यंतची वाट हा या पुस्तकाचा विषय आहे. बेहेमोथविषयी आपल्याकडे ज्यांनी काही ऐकले असेल त्यांनी बहुधा एवढेच ऐकले असेल की त्यांच्या गायकाने मंचावर बायबल फाडले. ते खरे आहे आणि त्याबद्दल पुढे बोलायचेच आहे. पण नुसत्या देवनिंदेवर कोणताही बँड तीस-पस्तीस वर्षे तगत नाही. माझे म्हणणे असे की चर्चशी भांडता भांडता बेहेमोथने चर्चचीच भाषा आत्मसात केली. समूहगान, पौरोहित्याची वस्त्रे, पुन्हा पुन्हा येणारे पालुपद, मध्येच पडणारी भारलेली शांतता हे सगळे त्यांनी तिथूनच घेतले. सुरुवातीला हे नकळत, थट्टेच्या सुरात झाले. पुढे ती उसनवारी त्यांनी गंभीरपणे घेतली आणि तिथून त्यांचे संगीत मोठे झाले.

आयर्न मेडन किंवा मेटॅलिका यांच्यापुढे ज्यांचा मेटलशी संबंध गेलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे संगीताबद्दल. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या फ्लॉरिडात, मुख्यतः टँपा शहराच्या आसपास, ‘डेथ’, ‘मॉर्बिड एंजल’, ‘ऑबिच्युअरी’ अशा बँडनी डेथ मेटल घडवले. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल सोडून स्वर खाली उतरवायचा, गळ्याच्या तळातून गुरगुरत गायचे आणि ड्रमवर ‘ब्लास्ट बीट’ लावायचा. ब्लास्ट बीट म्हणजे पायाखालचा मोठा ड्रम, स्नेअर आणि झांज यांचे आघात इतक्या वेगाने करायचे की कान ते मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एक सलग पडदा ऐकू लागतो. नवख्याला जो गोंगाट वाटतो तो बहुतेक वेळा हा पडदा असतो. त्याच्या मागे गिटारची चाल बऱ्याचदा अगदी संथ असते, आणि ती पकडता आली की अर्धे काम झाले.

ब्लॅक मेटलचा स्वभाव वेगळा. नाव आले न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’च्या 1982 च्या अल्बमवरून, वातावरण स्वीडनच्या ‘बाथरी’कडून आणि कुप्रसिद्धी नॉर्वेकडून. तिथे गिटारचा आवाज मुद्दाम पातळ आणि बोचरा ठेवला, ध्वनिमुद्रण जाणूनबुजून कच्चे ठेवले आणि गुरगुरण्याऐवजी किंचाळी आणली. जून 1992 मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्टचे जुने लाकडी चर्च जळाले आणि त्यानंतर नॉर्वेतली आणखी चर्चेस पेटवली गेली. दोन्ही प्रवाहांत सैतान येतो, पण डेथ मेटलचे लक्ष कुजणाऱ्या देहाकडे असते, ब्लॅक मेटलचे आत्म्याकडे. बेहेमोथ पहिल्या आठ-दहा वर्षांत दुसऱ्या प्रवाहातून निघून पहिल्यात शिरला आणि मग दोन्हींच्या संगमावर स्थिरावला. मुंबईत 2000 साली सुरू झालेला ‘डेमोनिक रिझरेक्शन’ हा बँडही अशाच मिश्र वाटेवरचा. त्यांनी 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, हे आपल्या वाचकांना माहीत असायला हरकत नाही.

नॉर्वे आणि पोलंड यांच्यातला एक फरक मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा, कारण इंग्रजी लेखनात तो बहुधा हरवतो. नॉर्वेचे लूथरन चर्च हे सरकारी खात्यासारखे पेंगुळलेले होते. तिथल्या मुलांनी ज्याच्यावर हल्ला केला त्याच्याकडे लोक आधीच पाठ फिरवत होते. पोलंडमध्ये चर्च नुकतेच जिंकले होते. 1989 मध्ये कम्युनिस्ट गेले, 1990 मध्ये शाळांत धर्मशिक्षण परतले, 1993 मध्ये गर्भपातावर कडक कायदा आला आणि त्याच वर्षी व्हॅटिकनशी करारावर सह्या झाल्या. आईवडिलांच्या पिढीला ज्याने आसरा दिला, तेच चर्च चार वर्षांत सत्तेच्या शेजारी जाऊन बसले. बेहेमोथचा संस्थापक आदाम दार्स्की, मंचावरचे नाव नेर्गाल, 1977 चा जन्म. गोदीच्या फाटकावर तसबिरी लागल्या तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला आसरा देणारे चर्च आलेच नाही, हुकूम देणारे आले. आईवडिलांच्या आणि मुलांच्या आठवणींतली ही फट समजली नाही, तर पोलिश मेटलमधला राग पोरकट वाटतो. काही वेळा तो पोरकट आहेही, पण नेहमी नाही.

पोलंडमध्ये या संगीताची जमीन बेहेमोथच्या आधीच नांगरली गेली होती. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातल्या कातोवित्सेमध्ये ‘कात’ नावाचा बँड रोमान कोस्त्शेव्स्कीच्या आवाजात कम्युनिस्ट काळातच सैतानाची गाणी गात होता. त्याच शहरातल्या, उडत्या तबकडीच्या आकाराच्या ‘स्पोदेक’ सभागृहात 1986 पासून ‘मेटलमानिया’ महोत्सव भरू लागला. पण खरा रस्ता पाडला तो ओल्श्तिनच्या ‘व्हेडर’ने. प्योतर विव्चारेकने 1983 मध्ये काढलेल्या या बँडला पहिला अल्बम काढायला जवळपास दशक लागले. मधल्या काळात सगळा व्यवहार पोस्टाने चाले. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची, पाकिटात घालून अनोळखी माणसाला पाठवायची, आणि जुन्या तिकिटावर डिंकाचा किंवा साबणाचा थर देऊन शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरायचे, ही या जगातली सार्वत्रिक युक्ती होती. 1990 च्या ‘मॉर्बिड राइक’ या डेमो कॅसेटमुळे व्हेडरचे नाव बाहेर गेले आणि ब्रिटनच्या ‘इअरेक’ कंपनीने त्यांना घेतले. पूर्व युरोपातला डेथ मेटल बँड पश्चिमेच्या कंपनीशी करार करू शकतो, हे मागच्या सगळ्यांना त्यातून कळले.

त्या काळात बाजारात विकल्या जाणाऱ्या परदेशी कॅसेट बहुतांशी चोरीच्या असत. 1994 चा स्वामित्व हक्काचा कायदा येईपर्यंत तो धंदा उघड चालला. नैतिकदृष्ट्या ते काही असो, एका अख्ख्या पिढीचा कान त्या कॅसेटनी तयार केला.

व्हेडरच्या मागोमाग आलेल्यांत क्रोस्नोच्या ‘डिकॅपिटेटेड’चे नाव अटळ आहे. 2000 साली पहिला अल्बम निघाला तेव्हा ही मुले शाळकरी वयाचीच होती आणि वादनात त्यांनी थोरांना मागे टाकले. 2007 मध्ये दौऱ्यावर असताना अपघात झाला. तेवीस वर्षांचा ड्रमवादक वितोल्द क्येउतिका त्यात गेला आणि गायक जायबंदी झाला. पुढच्या पिढीत क्राकुफचा ‘म्ग्वा’, सायलेशियाची खाणमाती अंगावर घेऊन येणारा ‘फुरिया’, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स प्रार्थनांचा साज चढवणारा बियाविस्तोकचा ‘बातुश्का’ अशी नावे येतात. बातुश्काचे दोन संस्थापक पुढे नावाच्या मालकीवरून फुटले आणि एकाच नावाचे दोन बँड झाले, ही वेगळी करमणूक. बियाविस्तोकच्याच ‘हर्ट्झ’ स्टुडिओचा उल्लेख मात्र करायला हवा, कारण पोलिश डेथ मेटलचा जो स्वच्छ, घट्ट, जड आवाज जगभर ओळखला जातो त्यातला बराच भाग तिथल्या दोन भावांच्या हातून घडला आहे.

या जमिनीत एक विषारी झराही आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकातल्या पोलिश ब्लॅक मेटलच्या एका गटाने स्लाव्ह मूर्तिपूजेचा अभिमान वंशद्वेषापर्यंत नेला. सुरुवातीच्या काळात बेहेमोथची ऊठबस त्या वर्तुळात होती. पुढे त्यांनी अंतर राखले, तरी 2019 मध्ये नेर्गालने फॅसिझमविरोधी चळवळीला डिवचणारा टी-शर्ट मिरवला तेव्हा जुनी शंका पुन्हा उठली आणि ती उठणे रास्तच होते. सगळ्याच बाजूंना डिवचणारा मी एक स्वतंत्र माणूस, हा त्याचा बचाव मला पटत नाही. डिवचण्यालाही दिशा असते.

आता बँडच्या वाटचालीकडे. 1995 चा पहिला अल्बम ‘स्वेन्तेविथ’ स्लाव्ह देव श्विएन्तोवित याच्या नावाचा. बाल्टिक समुद्रातल्या र्युगेन बेटावर आर्कोना इथे या देवाचे मोठे मंदिर होते आणि 1168 मध्ये डॅनिश ख्रिस्ती सैन्याने ते पाडले. चर्च येण्याआधीचे आमचे काही होते, ते कुठे गेले, हा त्या अल्बमचा सूर. संगीत कोवळे आहे, नॉर्वेची छाप जागोजागी दिसते, तरी मध्ये मध्ये येणारे साध्या गिटारचे तुकडे कान देऊन ऐकावेत असे आहेत. ते तुकडे नंतर पंधरा वर्षे जवळपास गायब होतात.

1997 मध्ये झ्बिग्नेव प्रोमिन्स्की ऊर्फ इन्फर्नो ड्रमवर आला आणि बँडचा कणाच बदलला. 1999 च्या ‘सॅटॅनिका’पासून जंगल, बर्फ आणि जुने देव मागे पडले. पुढे आले ते अॅलिस्टर क्रॉली आणि ऑस्टिन ऑस्मन स्पेअर हे इंग्रज गूढवादी आणि गूढविद्येची पुस्तके. क्शिश्तोफ अझारेविच हा या विषयातला जाणकार शब्दलेखनात साथ देऊ लागला. 2000 च्या ‘थेलेमा.6’ आणि 2002 च्या ‘झोस किया कल्टस’ या अल्बमांची नावेच या वाचनातून आलेली. नेर्गाल ग्दान्स्क विद्यापीठातून इतिहास शिकला, संग्रहालयाच्या कामाची पात्रताही त्याने मिळवली. त्याची खूण या काळात दिसते. नाव, चिन्ह, देवता, पंथ यांचा साठा करून तो नीट मांडण्याची हौस त्याला आहे.

2003 मध्ये तोमाश व्रुब्लेव्स्की ऊर्फ ओरायन बेसवर आला, आणि 2004 च्या ‘डेमिगॉड’ने बँड जगाच्या मंचावर गेला. तो अल्बम आजही थरारक आहे, पण मला तो गुदमरवतो. प्रत्येक कोपरा भरलेला, आवाजावर आवाजाचे थर, इन्फर्नोचे पाय एक क्षण थांबत नाहीत. ‘द अपॉस्टसी’त (2007) खिडकी थोडी किलकिली झाली. जाझचा नामांकित पियानोवादक लेशेक मोझ्जेर त्यात वाजवून गेला. 2009 च्या ‘इव्हँजेलियन’मध्ये मात्र शेवटच्या गाण्याने निराळीच दिशा दाखवली. ‘लुसिफर’ नावाच्या या आठ मिनिटांच्या संथ रचनेत शब्द आहेत ‘तरुण पोलंड’ या साहित्यिक पिढीतले कवी तादेउश मिचिन्स्की यांचे, तेही पोलिशमध्ये. इंग्रजीत ओरडणारा बँड अचानक मायबोलीत, शतकभरापूर्वीच्या कवितेत, मिरवणुकीच्या चालीने बोलू लागला.

या रचनेवर मी जोर देतो त्याला कारण आहे. ऑगस्ट 2010 मध्ये नेर्गालला ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले, डिसेंबरमध्ये ग्दान्स्कमध्ये अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आणि तो वाचला. त्यानंतर 2014 मध्ये आलेला ‘द सॅटॅनिस्ट’ हा त्यांचा सर्वांत थोर अल्बम. त्यामुळे मृत्यूच्या दारातून परतल्यावर प्रतिभा उजळली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा सुबक आहे, पण वळण आजाराच्या आधीच घेतले गेले होते. ते ‘लुसिफर’मध्ये ऐकू येते. आजाराने बहुधा घाई काढून घेतली आणि वेग दाखवण्याची गरज संपवली.

‘द सॅटॅनिस्ट’ हर्ट्झमध्ये ध्वनिमुद्रित झाला. इथे वाद्यांमध्ये हवा आहे. ड्रम माणसाच्या हातांनी वाजल्यासारखे ऐकू येतात. एका रचनेत सगळे थांबते, साधी गिटार उरते आणि वितोल्द गोम्ब्रोविच यांच्या ‘लग्न’ या नाटकातले शब्द पोलिशमध्ये बोलले जातात. शेवटची रचना तर सरळ स्तोत्राच्या घाटाची आहे. हळूहळू चढत जाणारी, समूहाने म्हणायची, आवाहनाची. तिच्यातली देवता बदला आणि ती कुठल्याही कॅथेड्रलमध्ये शोभेल. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम 34 व्या क्रमांकावर आला. या जातीच्या संगीताला ते क्वचितच साधते.

आता खटला. सप्टेंबर 2007 मध्ये ग्दिनियातल्या एका क्लबात नेर्गालने बायबल फाडून पाने श्रोत्यांत फेकली. पोलंडच्या दंडसंहितेत धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे 196 वे कलम आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आपल्या वाचकाला हे कलम समजावून सांगावे लागणार नाही. 1927 पासून आपल्याकडे 295-अ होते, आता न्याय संहितेत ते 299 झाले आहे. नेर्गाल 2011 मध्ये निर्दोष सुटला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुखावण्याचा थेट हेतू नसला तरी, दुखावले जाईल हे उमजून केलेले कृत्य गुन्हा ठरू शकते. प्रकरण पुन्हा उघडले, तरी शेवटी त्याला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती त्याच्या एकेकाळच्या वाग्दत्त वधूला. पॉप गायिका दोदा हिने एका मुलाखतीत बायबल लिहिणाऱ्यांच्या शुद्धीविषयी थट्टेचे एक वाक्य टाकले होते, त्यासाठी तिला पाच हजार झ्लोती दंड झाला. 2022 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो दंड अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. मंचावर पुस्तक फाडणारा सुटतो आणि गप्पांत टोमणा मारणारी अडकते, यावरून अशा कलमांच्या कारभाराविषयी बरेच कळते.

दरम्यान 2011 मध्ये हाच माणूस सरकारी दूरचित्रवाणीवर ‘द व्हॉइस ऑफ पोलंड’मध्ये परीक्षक म्हणून खुर्चीत बसला. बिशप संतापले, घराघरांतल्या आजीबाईंना तो चेहऱ्याने माहीत झाला. 2014 मध्ये रशियात येकातेरिनबर्गला व्हिसाच्या कारणावरून बँडला ताब्यात घेऊन परत पाठवण्यात आले. म्हणजे एकीकडे घरगुती प्रसिद्धी, दुसरीकडे सीमेवर अडवणूक.

यानंतरचा काळ मला संमिश्र वाटतो. 2018 च्या अल्बमला त्यांनी येशूच्या करुणेशी जोडलेल्या वचनाचे शीर्षक दिले आणि त्यात लहान मुलांचा गायकवृंद आणला. ती कल्पना झकास होती. सप्टेंबर 2020 मध्ये महासाथीत एका ओसाड चर्चमधून त्यांनी थेट प्रक्षेपण केले, तेही पाहण्याजोगे. पण 2025 च्या अल्बमचे ‘द शिट ऑव्ह गॉड’ हे शीर्षक वाचताना ज्याने गोम्ब्रोविच आणला तो हाच का, असे वाटून जाते. संगीत शीर्षकापेक्षा पुष्कळ चांगले आहे. धक्का देणे हा एक व्यवसाय झाला की त्याचेही वेळापत्रक ठरते, आणि बेहेमोथ त्या वेळापत्रकातून सुटलेला नाही.

आज हे पुस्तक काढण्याचे कारणही इथेच आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपाताचा उरलासुरला हक्कही जवळपास संपवला, तेव्हा लाखो लोक रस्त्यांवर उतरले आणि काहींनी चर्चमध्ये शिरून प्रार्थना थांबवल्या. त्यांत काळे कपडे घातलेले मेटलवाले नव्हे, तर साध्या कामावरच्या बायका आणि कॉलेजच्या मुली होत्या. चर्चला उद्धटपणे उलट बोलणे ही तोवर परिघावरची गोष्ट होती, ती चौकात आली. मग परिघावरच्या बँडचे काम काय उरते? त्याचे सोपे उत्तर बँडपाशीही नाही, हे अलीकडच्या अल्बमांत ऐकू येते.

या पुस्तकात चरित्र सांगण्याचा आग्रह मी धरलेला नाही. नेर्गालने स्वतःच्या आठवणी स्वतः सांगितल्या आहेत, त्या वाचाव्यात. इथे अल्बम ऐकता ऐकता एक डोळा पोलंडच्या रस्त्यावर ठेवला आहे. वादकांच्या ये-जा, रुसवेफुगवे, कंपन्यांचे करार यांना जेवढ्यास तेवढी जागा दिली आहे. उलट इन्फर्नोच्या ड्रमवादनावर आणि पोलिश कवितेवर काहींना जास्त वाटतील इतकी पाने गेली आहेत. गाण्यांचे शब्द उतरवलेले नाहीत, त्यांचा आशय सांगितला आहे. पोलिश नावे तिथल्या उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत.

पुस्तक हातात घेण्याआधी काही ऐकायचे असेल तर पहिल्या अल्बमपासून सुरुवात करू नका. आधी ‘द सॅटॅनिस्ट’ ऐका, मग ‘लुसिफर’ ही एकच रचना, त्यानंतर ‘डेमिगॉड’, आणि 1995 चा ‘स्वेन्तेविथ’ सर्वांत शेवटी. शब्द पहिल्या फेरीत कळणार नाहीत, ते समोर उघडून ठेवून ऐकले तरी चालते. पोलंडमधलेही पुष्कळ जण तसेच ऐकतात.